सोडता येईल असं बांधणं

सात-आठ वर्षांपूर्वी प्रोजेक्टच्या निमित्ताने आम्ही ऱ्होड आयलंडला आलो. माझं मूळ गाव दापोली तालुक्यातलं, समुद्राकाठचं. पण खरं सांगायचं तर पाण्याशी माझा संबंध पाय बुडवण्यापुरताच. इथे मात्र ऑफिसमधल्या एका मित्राची २७ फुटी शिडाची होडी होती, आणि शनिवार-रविवार मी तिच्यावर जाऊ लागलो.

एकदा ऐन भरतीला आम्ही नॅरागॅन्सेटच्या खाडीतल्या एका जुन्या लाकडी धक्क्याला लागलो. होडी बांधायचं काम मी हौसेनं मागून घेतलं. एक गाठ सुटेल, पाच कशा सुटतील, या हिशेबाने दोर ताणून गाठीवर गाठी मारल्या. पाच तासांनी परतलो तर ओहोटीनं पाणी तीनेक फूट उतरलेलं आणि होडी दोरांना लटकून कललेली! गाठी इतक्या आवळल्या होत्या की सुटेनात. मित्राने मुकाट्याने सुरी काढून दोर कापला. होडीवरच्या ज्या क्लीटला मी दोर बांधला होता, तिच्या बुडाशी फायबरला तडा गेला तो गेलाच. तो एवढंच म्हणाला, "सोडता येत नाही ते बांधणं नव्हे."

ते वाक्य डोक्यात बसलं आणि मी वाचायला लागलो.

क्लीट म्हणजे दोन शिंगांची धातूची खुंटी. दोराचा एक पूर्ण वेढा तिच्या बुडाभोवती, मग शिंगांवरून इंग्रजी आठच्या आकड्यासारखा एक-दोनदा, आणि शेवटी एक उलटी अढी. बस्स. धरून ठेवण्याचं खरं काम गाठ करत नाही, वेढा करतो. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी अप्लाइड मेकॅनिक्समध्ये घोकलेलं ऑयलरचं सूत्र आठवलं. घर्षणांक ०.३ धरला तर एका वेढ्याने १० किलोचा जोर सुमारे ६५ किलो ओढ थोपवतो, दोन वेढ्यांनी ४३० च्या वर. परीक्षेनंतर पंधरा वर्षांनी ते सूत्र असं भेटलं!

मग मित्राने मला जवळच्या ब्रिस्टल गावातलं हेरेशॉफ म्युझियम दाखवलं. नॅथानिएल हेरेशॉफ (१८४८–१९३८) आणि त्याचा थोरला भाऊ जॉन यांनी १८७८ मध्ये इथे होड्यांचा कारखाना काढला. जॉन लहानपणीच अंध झालेला. होडीचं लाकडी मॉडेल तो हातांनी चाचपून पारखायचा. नॅथानिएल एमआयटीत शिकलेला इंजिनिअर. १८९३ ते १९२० या काळात त्याच्या पाच होड्यांनी सहा वेळा अमेरिका चषक राखला. पण मी अडकलो ते त्याच्या क्लीटपाशी. पितळेसारख्या दिसणाऱ्या ब्राँझची, आतून पोकळ, म्हणून हलकी; आणि ओढ चार बोल्टांवर वाटली जाईल अशी. त्याच नमुन्याच्या क्लीट आजही बनतात.

हेरेशॉफ गेला २ जून १९३८ ला. त्याच वर्षी २१ सप्टेंबरला न्यू इंग्लंडवर महाभयंकर चक्रीवादळ आदळलं. सहाशेच्या वर माणसं गेली, प्रॉव्हिडन्स शहराचा मध्यभाग पाण्याखाली गेला, बांधलेल्या शेकडो होड्या सुटून काठावर फुटल्या. तेव्हाचा सर्रास वापरातला दोर म्हणजे फिलिपिन्सचा मनिला. मजबूत, पण ताणला फार जात नाही, आणि ओलाव्याने कुजतो. योगायोग बघा, वादळानंतर पाचच आठवड्यांनी, २७ ऑक्टोबर १९३८ ला, ड्यूपाँ कंपनीने नायलॉनची घोषणा केली. पुढे जपानने फिलिपिन्स घेतल्यावर मनिलाची आवक बंद झाली, आणि युद्धात ग्लायडर ओढायला नायलॉनचे दोर आले. युद्धानंतर तेच धक्क्यावर पोचले. तुटण्याआधी चांगला चौथाईहून जास्त ताणला जाणारा हा दोर लाटेचा हिसका स्वतः पचवतो, क्लीटपर्यंत पोचू देत नाही.

पण मंडळी, हा गुण आपल्याकडे काथ्यात होताच! चौदाव्या शतकात इब्न बतूताने मालदीवच्या काथ्याचं आणि त्याने शिवलेल्या जहाजांचं वर्णन केलं आहे. काथ्या मनिलाइतका मजबूत नाही. पण तो ताणला जातो, पाण्यावर तरंगतो आणि खाऱ्या पाण्याला दाद देत नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही असं आपण हट्टी माणसाला म्हणतो. सुंभाच्या अंगी ढील देण्याचाही गुण आहे, हे मला परदेशात येऊन कळलं.

त्यानंतरच्या सुट्टीत हर्णैला गेलो, तेव्हा बंदरावर एका वयस्कर कोळीदादांना मुद्दाम विचारलं. आता सगळे दोर नायलॉनचेच, म्हणाले. पण ओहोटीचा अंदाज घेऊन किती ढील सोडायची, ते बापाने शिकवलं तेच.

परतल्यावर त्या होडीचं फायबर दुरुस्त करून मी स्वतः नवी क्लीट बसवली. इथला ठोकताळा असा, की होडीच्या दर नऊ फुटांना दोराची जाडी एक अष्टमांश इंच, आणि जाडीच्या दर एक षोडशांश इंचाला क्लीटची लांबी एक इंच. म्हणजे २७ फुटांना तीन अष्टमांश इंची दोर आणि सहा इंची क्लीट. खालून जाड पट्टी लावून बोल्ट आवळले, म्हणजे पुन्हा तडा जायला नको.

पुढच्या शनिवारी होडी मीच बांधली. मित्राने वाकून अढी काढली, वेढे उलटे फिरवले; चार सेकंदांत दोर मोकळा. काही न बोलता त्याने तो माझ्या हातात दिला. मी पुन्हा बांधला.