शेजार, नळ आणि भाडेपट्टा

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत बिऱ्हाड थाटू पाहणाऱ्या कारकुनाला अगर शाळामास्तराला घर निवडण्याचे स्वातंत्र्य कितपत होते, हे ठरविण्यापूर्वी त्याच्यापुढे निवडीसाठी मुळात काय मांडलेले होते ते पाहणे अगत्याचे आहे. गिरगाव, ठाकूरद्वार, मुगभाट या भागांत धनिकांनी भाड्याच्या उत्पन्नावर नजर ठेवून बांधलेल्या तीनचार मजली चाळी, लाकडी कठड्याच्या गॅलऱ्या, त्यांवर उघडणाऱ्या एका ओळीतल्या खोल्या आणि टोकाला सामायिक नळ व शौचकूप, एवढाच तो पसारा होता. खोलीच्या लांबीरुंदीची चौकशी कोणी फारशी करीत नसे, कारण ती जिकडेतिकडे जवळपास सारखीच असे. विचारावयाचे ते एवढेच, की मोरी खोलीत आहे की बाहेर, नळाला पाणी किती वाजता येते आणि मजल्यावर बिऱ्हाडे कोणाकोणाची आहेत. आणि या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मनासारखे मिळाले, तर पहिल्या दोहोंतील गैरसोय मनुष्य निमूटपणे पत्करीत असे. बाळंतपण, आजारपण, मर्तिक, गावाहून अवचित आलेला पाहुणा, या सर्व प्रसंगी जो उपयोगी पडावयाचा तो शेजारी. सबब भाडे भरावयाचे ते भिंतींसाठी असले, तरी निवड व्हावयाची ती माणसांची.

या व्यवस्थेला पहिला जबर धक्का दिला तो प्लेगने. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागातील रोग्यांवर उपचार करणारे गोमंतकीय डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनी ही साथ गाठीच्या तापाची, म्हणजे प्लेगची, असल्याचे निदान केले, आणि दाट वस्ती व कोंदट खोल्या हाच रोगाचा आश्रय अशी समजूत दृढ होऊन १८९८ मध्ये सरकारने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना केली. ट्रस्टने जुनी वस्ती फोडून सँडहर्स्ट रोडसारखे रुंद रस्ते काढले, गावदेवीकडे व उत्तरेस दादर, माटुंगा, शीव या बाजूस भूखंड आखले, आणि ते दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देण्यास आरंभ केला. घर म्हणजे कोणीतरी बांधलेली आणि आपण भाड्याने घेतलेली खोली, याखेरीज काही असू शकते, ही कल्पना मुंबईच्या पांढरपेशा वर्गाला प्रथम येथे सुचली असावी असे मला वाटते.

सुचली तरी परवडणार कशी, हा प्रश्न होताच. १९०४ चा सहकारी कायदा केवळ पतपेढ्यांपुरता होता. १९१२ च्या कायद्याने त्याची कक्षा विस्तृत केली आणि घरबांधणीच्या संस्था नोंदविण्याचा मार्ग मोकळा झाला. हा मार्ग हेरला तो श्रीपाद सुब्राव तालमकी यांनी. कारवार, कुमठा, होन्नावर, मंगळूर या पट्ट्यातून नोकरीनिमित्त मुंबईस आलेल्या चित्रापूर सारस्वतांसाठी १९०६ मध्ये शामराव विठ्ठल यांच्या नावाने पतपेढी उभारणारे हे गृहस्थ. त्यांच्याच पुढाकाराने १९१५ मध्ये गावदेवीस सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. तिची योजना आजच्या सदनिकाधारकाला चमत्कारिक वाटेल. इमारतीची मालक संस्था; सभासद भागधारक आणि त्याच वेळी भाडेकरूही; तो दरमहा जे देई त्यातून कर्ज फिटावयाचे, दुरुस्ती व्हावयाची आणि कर भरला जावयाचा. जागा सोडावयाची तर संस्थेला कळवून, भाग परत करून किंवा संमतीने दुसऱ्याच्या नावे करून; बाजारात बोली लावून नव्हे. येथे नफा कोणाच्याच पदरी पडत नव्हता, आणि माझ्या मते या योजनेचे सारे सौंदर्य त्यातच होते. ट्रस्टच्या पट्ट्यात आलेले प्रकाश, वारा, आत मोरी, स्वतंत्र स्वयंपाकघर ही सुधारणा तर मिळालीच, शिवाय चाळीतील तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आता नियमावलीतच लिहून ठेवता आले.

लिहून ठेवलेले हे उत्तर मात्र निरुपद्रवी नव्हते. शेजार निवडण्याचा अधिकार ज्याला आहे त्याला तो नाकारण्याचाही आहे, आणि नाकारले जाणारे कोण हे आपल्या समाजात कोणाला सांगावयास नको. कोलंबिया व लंडन येथून शिकून आलेले डॉ. आंबेडकर १९१७ मध्ये बडोदे संस्थानच्या चाकरीत रुजू झाले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहावयास खोली मिळेना; पारशी म्हणून नाव लावून एका पारशी पथिकाश्रमात ते उतरले, आणि काठ्या घेऊन आलेल्या जमावाने तेथूनही त्यांना हुसकून लावले. मुंबईत त्यांचे कुटुंब परळला पोयबावडीच्या ट्रस्टच्या चाळीत समोरासमोरच्या दोन खोल्यांत वर्षानुवर्षे राहत होते. पुढे त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत, उच्चवर्णीयांच्या त्या वस्तीत, ‘राजगृह’ बांधले, आणि ते बांधताना मुख्य विचार केला तो ग्रंथांच्या जागेचा. घराची निवड ग्रंथांसाठी करणारा मनुष्य त्या काळी मुंबईत विरळाच.

याच सुमारास सरकारने स्वतः बांधलेल्या घरांची कथा बोधप्रद आहे. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकीर्दीत १९२० साली निघालेल्या विकास खात्याने वरळी, नायगाव, शिवडी व डिलाइल रोड येथे सिमेंट काँक्रीटच्या चाळी उठविल्या, प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची. खात्याचा हिशोब कागदावर चोख होता. परंतु गिरण्यांतला कामगार वरळीस जाईना, कारण काम दूर, बाजार दूर, खोल्यांत उजेड अपुरा आणि भाडे जास्त. रिकाम्या चाळींचा उपयोग अखेर १९३० च्या सत्याग्रहात कैदी कोंडण्यासाठी करावा लागला. ज्याला निवडीचा अधिकार नाही असे आपण समजतो, तोही न जाऊन निवड करतोच.

दुसऱ्या महायुद्धानंतर या साऱ्या गणितात एक निराळीच राशी आली. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाणभाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठविले. भाववाढ व निर्वासितांची रीघ पाहता हेतू न्याय्य होता, हे मान्य केलेच पाहिजे. पण परिणाम असा झाला, की मालकाला दुरुस्तीत रस उरला नाही, भाड्यासाठी घरे बांधणे आतबट्ट्याचे ठरले, आणि जुन्या जागेचा कबजा हीच एक मिळकत होऊन बसली. मुले लग्न होऊन दूर गेल्यावर तीन खोल्यांत उरलेले म्हातारे जोडपे लहान जागा शोधू गेले, तर नव्या जागेचे भाडे जुन्याच्या कितीतरी पट. म्हणून ते तेथेच राही, आणि त्याच इमारतीत एका खोलीत सात माणसे दाटीवाटीने निजत. जागा सोडावयाची तर ती पागडी घेऊन, म्हणजे कायद्याच्या नजरेस न पडता. पेन्शनीत निघालेल्या पुष्कळांनी याच कारणाने मुंबईची खोली मुलाच्या नावावर ठेवून पुण्याची वाट धरली; डेक्कन जिमखान्याच्या बाजूस भूखंड स्वस्त होते, तेथे दोन खोल्यांचे का होईना, स्वतःचे घर बांधता येई.

भाड्याची घरे बांधणारा मालक नाहीसा झाला तेव्हा त्याच्या जागी बिल्डर आला. सदनिका विकत देण्याघेण्याच्या या नव्या व्यवहारातील लबाड्यांना आळा घालण्यासाठी १९६३ चा मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा झाला. आगाऊ पैसे घेण्यापूर्वी लेखी करार करून तो नोंदवावा, जमिनीवरील हक्काचे कागद दाखवावेत, आणि सदनिका विकल्यावर संस्था स्थापून जमीन व इमला तिच्या नावे करून द्यावा, असे त्यात बजाविले होते. शेवटची अट पुढे किती बिल्डरांनी पाळली, हे मुंबईतील कोणत्याही जुन्या संस्थेच्या सचिवाला विचारावे. शेजाराची चौकशी मात्र मागे पडली. घर पाहावयास जाणारा आता चौरस फूट आणि दर विचारू लागला. पूर्णपणे मागे पडली असेही नव्हे, कारण अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेने सभासदत्व आपल्याच समाजापुरते राखण्याचा हक्क २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयातून मान्य करून घेतला. आणि पागडी, जी अर्धशतक गुन्हा म्हणून दिली-घेतली गेली, ती महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्याने रीतसर कायदेशीर ठरली.