राब आणि तण : पेण-रोह्याच्या भातशेतीतील एक जुना वाद

शेतात उगवलेले तण काढणे आणि तणास उगवावयास जागाच न ठेवणे, या दोन भिन्न गोष्टी होत. पेण व रोहे तालुक्यांतील भातशेतीचा मागील इतिहास पाहता शेतकऱ्याचा भर दुसरीवर होता, असे दिसून येते.

पेणच्या खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत मोड आणलेले बी फेकण्याची रीत होती. राबाचा संबंध मुख्यतः गोड्या जमिनीशी येतो. पावसाळ्यापूर्वी रोपाच्या जागेवर शेण, टहाळे, पालापाचोळा व गवत यांचे थर रचून, वर माती पसरून ते सावकाश जाळीत. त्या आचेने वरच्या मातीतील तणाचे बी मरे, माती भुसभुशीत होई व राख खतास येई. साहजिकच तरवा जोमदार निघे. चिखलणी झालेल्या खाचरात तो लावला म्हणजे साचलेले पाणी व फुटव्यांची दाट सावली तणास डोके वर काढू देत नसे. बेणणी चुकत नसे. परंतु तिचे कष्ट पुष्कळ कमी होत.

१८७८ च्या वनकायद्यानंतर जंगले राखीव होऊ लागली आणि टहाळ तोडण्यावर निर्बंध आले. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील तक्रारींच्या चौकशीसाठी १८८५ मध्ये आयोग नेमण्यात आला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये निघाला. वादाचे मर्म एका शब्दाच्या अर्थात होते. राब म्हणजे केवळ खत असे धरल्यास त्याऐवजी दुसरे खत सुचविता येते. परंतु नुसत्या शेणखताने तणाचे बी मरत नाही. उलट कच्च्या शेणखतातून ते शेतात येते. म्हणून टहाळाचा हक्क हा शेतकऱ्याच्या लेखी पिकाचाच प्रश्न होता.

व्होल्कर यांनी १८९३ च्या आपल्या अहवालात या पद्धतीची दखल घेतली. पुढे १९१२ मध्ये मान, जोशी व कानिटकर यांनी राबावर स्वतंत्र प्रबंध प्रसिद्ध केला. त्यात राखेबरोबरच मातीला बसणाऱ्या आचेचाही विचार आहे.

वनखात्याची बाजू निराधार नव्हती. टहाळतोडीने झाडे खुरटतात आणि जाळल्याने शेणातील नत्र वाया जाते. तथापि ज्या पद्धतीचे दोष दाखवावयाचे, तिचे प्रयोजन प्रथम समजून घ्यावे लागते. ते खाचरात होते. वाद मात्र बहुधा जंगलापुरता पाहिला गेला.