क्वांटम कॉम्प्युटर आला, तर तुमच्या बँक खात्याचं काय?

‘क्वांटम कॉम्प्युटर येतोय, सगळे पासवर्ड फुटणार’ अशा रील्स तुम्हीही पाहिल्या असतील. त्यात तथ्य किती? समजून घेऊया.

क्वांटम कॉम्प्युटर म्हणजे काय?

आपला मोबाईल ‘बिट’वर चालतो. बिट म्हणजे ० किंवा १. क्वांटम कॉम्प्युटरमधला ‘क्यूबिट’ मात्र ० आणि १ यांच्या मिश्र अवस्थेतही राहतो. ६ क्यूबिटची अवस्था मांडायला ६४ आकडे लागतात, तर ३० क्यूबिटसाठी १०७ कोटींहून जास्त! पण म्हणून प्रत्येक काम वेगाने होत नाही. रेणूंचा अभ्यास, नवी औषधं, बॅटरी अशा मोजक्या क्षेत्रांत फायद्याची आशा आहे.

महाराष्ट्रात काय सुरू आहे?

ऑगस्ट २०२४ मध्ये डीआरडीओची पुण्यातली प्रयोगशाळा आणि मुंबईची टीआयएफआर यांनी ६ क्यूबिटच्या प्रोसेसरची चाचणी पूर्ण केली. क्यूबिट टीआयएफआरमध्ये बनले, नियंत्रण यंत्रणा पुण्याच्या प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी उभी केली आणि क्लाउडची बाजू टीसीएसने सांभाळली. ६ क्यूबिटचं गणित साधा लॅपटॉपही करतो, पण चिप बनवण्यापासून चालवण्यापर्यंतचं तंत्र इथे जमलं, हे महत्त्वाचं. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय क्वांटम मिशनसाठी ६,००३ कोटी रुपये आहेत. त्यातलं सेन्सिंगचं केंद्र आयआयटी मुंबईत आहे.

मग पासवर्ड फुटणार का?

आज नाही. ऑनलाइन व्यवहारांची बरीचशी सुरक्षा मोठ्या संख्यांचे अवयव पाडणं अवघड असण्यावर उभी आहे. क्वांटम कॉम्प्युटर ते झटपट करू शकेल, हे पीटर शोर यांनी १९९४ मध्येच दाखवलं. तेवढं मोठं आणि बिनचूक यंत्र अजून कुठेच नाही. खरा धोका वेगळा आहे: आज चोरलेला डेटा साठवून ठेवायचा आणि यंत्र आलं की उघडायचा. ओटीपी काही मिनिटांत निकामी होतो, पण आरोग्याच्या नोंदी आणि आधारची माहिती वर्षानुवर्षं तीच राहते. म्हणूनच अमेरिकेच्या ‘निस्ट’ संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये नव्या एन्क्रिप्शनची मानकं जाहीर केली. बदल बँका आणि कंपन्यांना करायचा आहे. तुम्ही ॲप अपडेट टाळू नका.

सोलापुरात बसून शिकता येईल?

हो. आयबीएमने २०१६ मध्येच क्वांटम कॉम्प्युटर इंटरनेटवर खुला केला. ‘किस्किट’ हे सॉफ्टवेअर मोफत आहे. पायथन आणि बारावीचं मॅट्रिक्स पक्कं करा, सुरुवात तिथूनच होते.