दुसऱ्याच्या घरात वाढणारं पोर

गेल्या महिन्यात बचत गटाच्या बैठकीत विरारच्या एका आजींनी विचारलं, "नातीचे बाल संगोपनाचे पैसे खात्यात येतात, पण पोर कशी आहे ते बघायला अजून कोणी उंबरठा चढलं नाही. यायला पाहिजे का गो?" पाहिजे, असं मी म्हणून गेले. या 'पाहिजे'मागे मोठा इतिहास आहे, तोच आज सांगते.

सुरुवात लांबून करू. 1944 साली इंग्लंडात डेनिस ओनील नावाचा बारा वर्षांचा मुलगा आणि त्याचा धाकटा भाऊ टेरेन्स एका शेतकऱ्याच्या घरी सांभाळायला दिले होते. आईबापाकडून मुलं काढून घेतली होती ती न्यूपोर्टच्या नगरपालिकेने, म्हणजे सरकारनेच. शेत मात्र दुसऱ्या जिल्ह्यात. त्यामुळे लक्ष कोणी ठेवायचं यावर दोन कचेऱ्यांचा घोळ. डिसेंबरात एक बाई पाहणीला गेल्या. त्यांनी मुलाची दशा पाहिली आणि त्याला ताबडतोब हलवा असं कळवलं. पुढे नाताळच्या सुट्ट्या आल्या, कागद पडून राहिला. 9 जानेवारी 1945 ला डेनिस गेला. अंगावर माराचे वळ होते, पोटात अन्न नव्हतं.

शेतकऱ्याला तुरुंगवास झाला. पण लोक तेवढ्यावर थांबले नाहीत. मूल तिथे ठेवलं कोणी, हा प्रश्न त्यांनी धरून ठेवला. सरकारला चौकशी नेमावी लागली आणि 1948 च्या कायद्याने प्रत्येक भागात मुलांसाठी स्वतंत्र अधिकारी आला. आपण रेडिओवाल्या, म्हणून एक गंमत सांगते: याच घटनेवरून सुचलेलं अगाथा क्रिस्टीबाईंचं नाटक 1947 मध्ये आधी रेडिओवर झालं. तेच पुढे 'माउसट्रॅप' म्हणून गाजलं.

आता आपल्याकडे या. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे तुरुंगात ठेवलेल्या मुलांसाठी सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि 1986 मध्ये न्यायालयाने सरकारला बजावलं की मुलांची जागा तुरुंगात नाही. त्याच वर्षी देशभरासाठी बाल न्यायाचा कायदा झाला. 2006 च्या दुरुस्तीने मुलं ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेला नोंदणी सक्तीची झाली.

तरीही 2010 साली शहापूर तालुक्यातल्या कवडास इथल्या मतिमंद मुलांच्या बालगृहात पाच मुलं उपासमारीने आणि कुपोषणाने गेल्याची बातमी आली. तेव्हा आपला वसई तालुकाही ठाणे जिल्ह्यातच होता, म्हणजे ही आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट. मुंबई उच्च न्यायालयाने कोणी दार ठोठवायची वाट पाहिली नाही. बातमी वाचून स्वतःहून याचिका दाखल करून घेतली आणि सरकारला जाब विचारला. न्यायालयाच्या आदेशाने समिती बसली, ती बालगृहं बघत फिरली. 2011 मध्ये कळंबोलीच्या एका बालगृहातले मुलींवरचे अत्याचार उघडकीला आले, ते अशा भेटीतूनच. मला यातलं हेच महत्त्वाचं वाटतं. त्या मुली स्वतः कोणाला सांगू शकत नव्हत्या. कोणीतरी आत जाऊन पाहिलं, म्हणून कळलं.

आजचा कायदा 2015 चा. परक्या कुटुंबात मूल सांभाळायला देणं, म्हणजे प्रतिपालकत्व, हे त्याच्या कलम 44 मध्ये आहे. बालकल्याण समितीने अशा कुटुंबाची दर महिन्याला पाहणी करायची आणि मुलाची आबाळ दिसली तर त्याला तिथून काढायचं, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. दर महिन्याला, बरं का.

आजींची बाल संगोपन योजना राज्याची, ती थोडी वेगळी. पूर्वी महिन्याला 425 रुपये मिळत, मग 1100 झाले, 2023 पासून 2250. पण गृहभेट त्याही योजनेतलं काम आहे. मदत देऊन सरकारची जबाबदारी फिटत नाही. डेनिसच्या शेतकऱ्यालाही पैसे मिळत होते.

तेव्हा आजींना आम्ही अर्ज लिहून दिला: गृहभेट कधी होणार, कोण येणार, तारीख कळवावी. एक प्रत पोच घेऊन ठेवली. गावात ग्राम बाल संरक्षण समिती असायला हवी, तिची शेवटची बैठक कधी झाली हेही सरपंचांना विचारलंय. मूल संकटात दिसलं तर 1098 हा फोन दिवसरात्र आहे, फुकट आहे.

अर्जाचं उत्तर अजून यायचंय. आलं की इथेच वाचून दाखवेन.