तळटीप : ‘लघवीतलं सोडियम फक्त ८’

१. ‘लघवीतलं सोडियम फक्त ८’ : म्हणजे लिटरमागे ८ मिलिमोल. हा आकडा रक्ताच्या रिपोर्टशी ताडून पाहू नये. रक्तात सोडियम १३५ ते १४५ च्या आसपास राहायला हवं. लघवीला अशी ठरलेली पातळी नाही. काल पापड-लोणचं जास्त झालं, तर आज मूत्रपिंडं जास्त मीठ बाहेर टाकतात, आणि ते योग्यच. म्हणून डॉक्टर पाहतात ते एवढंच की, या घडीला मूत्रपिंडानं जे करायला हवं ते ते करतंय का. लेखकाच्या वडिलांना दोन दिवस जुलाब होत होते, लघवी जेमतेम चमचाभर. अशा वेळी धडधाकट मूत्रपिंड मिठाचा कण न् कण धरून ठेवतं आणि आकडा २० च्या खाली जातो. सलाइन लावल्यावर काही तासांत लघवी सुटली ती त्यामुळेच. हाच आकडा ४० च्या वर असता, तर मूत्रपिंडातल्या नलिकांनाच इजा झाल्याची शंका आली असती. अर्थात हृदय किंवा यकृत थकलेलं असतानाही सोडियम असंच कमी येतं, तेव्हा निव्वळ आकड्यावरून सलाइन लावणं घातक ठरू शकतं. उलट्या होत असतील तर क्लोराइड पाहणं अधिक भरवशाचं. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी मात्र सगळा हिशेब चुकतो, कारण सोडियम गोळीच बाहेर ढकलते. वाचकांना विनंती : नमुना देताना चालू गोळ्यांची नावं चिठ्ठीवर जरूर लिहून द्या. – संपादक