मुंबईकरांच्या छब्या

ज्या शहरात अनेक जाती, अनेक पंथ व अनेक भाषा भिंतीला भिंत लावून नांदतात, त्या शहराचे चित्र काढणे ही वरवर दिसते तितकी सोपी गोष्ट नव्हे. इमारतीचे चित्र निघते, समुद्राचे निघते, मिरवणुकीचेही निघते. परंतु शेजार या वस्तूचे चित्र कसे काढावे? हल्ली दोन दिवसांची सवड काढून, खांद्याला कॅमेरा अडकवून मुंबई पाहावयास आलेली तरुण जोडपी गिरगावातील खोताच्या वाडीत, दादरच्या फुलबाजारात किंवा लालबागच्या मसाल्याच्या दुकानांपुढे नेहमी दृष्टीस पडतात. त्यांचा हा छंद आम्हांस मनापासून आवडतो. घरातील दोघांनी मिळून एखादी गोष्ट पाहावी आणि तिची आठवण जपून ठेवावी, यात गैर ते काय? तथापि त्यांच्या आधी कित्येकांनी याच शहराकडे याच यंत्राच्या भिंगातून पाहिलेले आहे. त्यांस काय दिसले आणि काय दिसले नाही, याचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. तो थोडक्यात वाचकांपुढे मांडण्याचा आमचा विचार आहे.

१८३९ साली पॅरिस येथे दागेर याची प्रकाशाने चित्र उमटविण्याची रीत जाहीर झाली, आणि थोड्याच अवधीत ती विद्या आगबोटीतून हिंदुस्थानच्या बंदरांस लागली. १८५४ साली मुंबईस ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ हे मंडळ स्थापन झाले. कलकत्ता व मद्रास येथील तशी मंडळे त्यानंतर दोन वर्षांनी निघाली. म्हणजे या बाबतीत मुंबईने राजधानीसही मागे टाकले. याच १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईतील पहिल्या कापडगिरणीची कंपनी उभारली, आणि त्याच्या आदल्याच वर्षी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली होती. आगगाडी, गिरणी आणि कॅमेरा ही तीन यंत्रे अशी एकाच सुमारास या शहरात रुजली. त्यांचे कार्य मात्र परस्परविरुद्ध झाले. पहिल्या दोन यंत्रांनी दूरदूरची माणसे आणून एकमेकांशेजारी उभी केली. तिसऱ्याने त्याच माणसांस एकमेकांपासून उचलून वेगवेगळे करून दाखविले.

हे कसे घडले, ते विल्यम जॉन्सन याच्या उद्योगावरून कळते. हा गृहस्थ मुंबईत सरकारी कारकुनी करण्यास आला, आणि पुढे ती सोडून छायाचित्रणाच्या धंद्यात शिरला. वर सांगितलेल्या मंडळाच्या संस्थापकांत त्याची गणना होते. विल्यम हेंडरसन या सहकाऱ्यासह त्याने १८५६ पासून १८५८ पर्यंत ‘इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम’ या नावाचे एक मासिक चालविले. त्यात चित्रे छापलेली नसत, तर खरीखुरी छायाचित्रे चिकटविलेली असत, व त्यांजबरोबर थोडी माहिती दिलेली असे. पश्चिम हिंदुस्थानातील लोकांचे पोशाख व त्यांची ठेवण दाखविणारी एक मालाच त्यात येत होती. पुढे याच सामग्रीतून जॉन्सनने लंडन येथे १८६३ व १८६६ साली दोन भागांचा एक ग्रंथ प्रसिद्ध केला. ‘मुंबईतील रहिवासी व पाहुणे अशा पौर्वात्य जाती-जमाती’ असा त्याच्या इंग्रजी नावाचा आशय आहे. पहिल्या भागात गुजरात, कच्छ व काठेवाड येथून आलेले लोक, दुसऱ्या भागात मराठी मुलखातील लोक, अशी वाटणी होती. प्रत्येक जातीस एक पान आणि प्रत्येक पानावर एक समूह. नागर ब्राह्मण एका पानावर, भाटिये दुसऱ्या पानावर, मेमण तिसऱ्या पानावर!

ही छायाचित्रे आज पाहिली असता प्रथम त्यांच्या स्पष्टतेचे कौतुक वाटते. पागोट्याची घडी, अंगरख्याचा बंद, हातातील पोथी, सर्व काही जेथल्या तेथे आहे. परंतु थोडे निरखून पाहिले म्हणजे ध्यानात येते की, माणसे एके ठिकाणची आणि त्यांच्या मागील देखावा दुसऱ्याच ठिकाणचा आहे. जॉन्सनने माणसांच्या आकृती मूळच्या छायाचित्रातून वेगळ्या काढून निराळ्याच एखाद्या इमारतीच्या किंवा निसर्गदृश्याच्या चित्रावर बसविल्या आहेत. जी माणसे त्या जागी कधी उभीच राहिली नव्हती, ती तेथे पिढ्यान्‌पिढ्या उभी असल्यासारखी दिसतात. ज्या गल्लीतून ती चालत आली, ज्या पेढीवर ती बसत, ज्या शेजाऱ्याशी ती भांडत व उसनवारी करीत, ते सर्व कात्रीखाली गेले.

याचा सगळा दोष जॉन्सनच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. त्या काळची रीतच मोठी अडचणीची होती. १८५१ मध्ये इंग्लंडात निघालेल्या ओल्या काचेच्या पद्धतीत काचेवर कोलोडियन नावाचा चिकट द्राव पसरावयाचा, ती काच अंधाऱ्या जागेत सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्यात बुडवावयाची, आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून, चित्र घेऊन, लगेच धुऊन काढावयाची असे. काच वाळली की चित्र गेले! मुंबईच्या उन्हात ही सर्व धावपळ किती लवकर उरकावी लागत असेल, याची कल्पनाच केलेली बरी. शिवाय चित्र उमटण्यास काही सेकंद लागत. तेवढ्या वेळात जो हलेल तो पुसट होई आणि जो चालत जाईल तो दिसेनासाच होई. सबब भरगर्दीच्या रस्त्याचे चित्र घ्यावे तर रस्ता ओसाड दिसावा, अशी त्या यंत्राची तऱ्हा होती. जो स्तब्ध बसेल तोच चित्रात टिकणार. आणि मुंबईकराचे तर सगळे चरित्र चालण्यात!

परंतु यंत्राच्या अडचणीने सर्वच गोष्टींचा उलगडा होत नाही. पाहणाऱ्याच्या मनात काय होते, हाही प्रश्न आहेच. या संबंधात एका जोडप्याची हकीकत सांगण्यासारखी आहे. गव्हर्नर जनरल लॉर्ड कॅनिंग व त्यांची पत्नी लेडी कॅनिंग यांस छायाचित्रांची आवड होती. मायदेशी परत जाताना या देशातील निरनिराळ्या लोकांच्या छब्यांचा एक संग्रह आठवण म्हणून बरोबर न्यावा, अशी त्यांची इच्छा होती. म्हणजे आजच्या प्रवासी जोडप्यांची जी हौस, तीच ही! परंतु १८६१ साली लेडी कॅनिंग कलकत्त्यासच निवर्तल्या, आणि लॉर्ड कॅनिंग विलायतेस परतून पुढील वर्षी वारले. खासगी आठवणीसाठी आरंभिलेला तो संग्रह मात्र १८५७ च्या धामधुमीनंतर सरकारी काम होऊन बसला. कोणती जात कशी, तिचा स्वभाव काय, तिची राजनिष्ठा किती, अशा टिपणांसह १८६८ पासून १८७५ पर्यंत ‘द पीपल ऑफ इंडिया’ या नावाने त्याचे आठ भाग बाहेर पडले. पतिपत्नीच्या आठवणवहीची अखेर दफ्तरात झाली. परक्या माणसाची छबी आपण कोणत्या हेतूने घेतली, एवढ्यावर तिचा पुढचा उपयोग ठरत नाही, हे या हकीकतीवरून उघड होते.

आता ज्या मुंबईत जॉन्सनने आपली चित्रे घेतली, ती खरोखर कशी होती ते पाहू. १८६४ च्या खानेसुमारीत शहराची वस्ती ८,१६,५६२ भरली. अमेरिकेतील यादवीमुळे कापसास सोन्याचा भाव आला होता, आणि चोहो मुलखांतून माणसे येथे लोटत होती. या माणसांचे जीवन पानापानांवर विभागलेले नव्हते. गिरणीचा मालक पारशी, कापूस गुजरात-वऱ्हाडचा, यंत्रे विलायतेची आणि साच्यावर उभा राहणारा कोकणातील किंवा देशावरील कुणबी. यांतील एकास वगळले तरी सूत निघावयाचे नाही. सार्वजनिक कार्यातही तेच. १८५२ साली स्थापन झालेल्या ‘बॉम्बे असोसिएशन’मध्ये जगन्नाथ शंकरशेट, सर जमशेटजी जिजीभाई, डॉ. भाऊ दाजी, नौरोजी फर्दुनजी असे हिंदू व पारशी पुढारी मुसलमान व्यापाऱ्यांसह एकत्र आले होते. ग्रंथात ज्यांची पाने वेगळी, त्यांनी राज्यकर्त्यांकडे अर्ज पाठविला तो एकच! मुंबईचे खरे वैशिष्ट्य हे होते; आणि नेमके तेच कॅमेऱ्याच्या बाहेर राहिले.

येथे कोणी म्हणेल की, परक्याची दृष्टी अशीच असावयाची; आपल्या माणसाच्या हाती कॅमेरा असता तर गोष्ट निराळी झाली असती. परंतु आपली माणसेही त्या काळी स्वस्थ बसली नव्हती. डॉ. भाऊ दाजी हे स्वतः त्या छायाचित्रमंडळाचे सभासद होते. त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तर निष्णात छायाचित्रकार असून मंडळाच्या कार्यकारी सभेवर होते. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८५५ च्या सुमारास या विद्येचा एक वर्ग निघाला. त्यात शिकून तयार झालेले हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा धंदा थाटला. असे असूनही या एतद्देशीय मंडळींनी घेतलेल्या चित्रांत निरनिराळ्या पंथांचे व धंद्यांचे नमुनेच पुष्कळदा आढळतात. विद्येबरोबर विद्या शिकविणाराची नजरही शिष्याकडे येते, असा याचा अर्थ आहे. ज्या भाऊ दाजींनी आपल्या बंधूंसह गोरगरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालविला, त्यांच्या दारी रोज सर्व जातींचे रोगी एका ओसरीवर बसत असतील. त्या ओसरीचे एखादे छायाचित्र निघाले असते तर आज त्याचे मोल केवढे झाले असते!

ही दृष्टी बदलण्यास जवळजवळ ऐंशी वर्षे लागली. कोरड्या काचा आल्या, फिल्म आली, हातात मावणारे कॅमेरे आले. क्षणाच्या अंशात चित्र उमटू लागले, आणि चालणारा माणूस प्रथमच चालताना दिसू लागला. या नव्या साधनांचा मुंबईत ज्यांनी उत्तम उपयोग केला, त्यांत होमाई व माणेकशा व्यारावाला या पारशी दांपत्याचे नाव अगत्याने घेतले पाहिजे. होमाई यांचा जन्म १९१३ साली नवसारी येथे झाला. वडील नाटकमंडळीत नट, त्यामुळे बालपण भटकंतीचे, शिक्षण मुंबईस. जे. जे. कलाशाळेत त्यांनी चित्रकलेचा अभ्यास केला, आणि छायाचित्रण त्यांस शिकविले ते माणेकशा यांनी. माणेकशा ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या कचेरीत हिशेबाचे काम सांभाळून छायाचित्रे घेत असत. होमाईंची पहिली छायाचित्रे स्त्रियांच्या एका सहलीची होती. ती ‘बॉम्बे क्रॉनिकल’मध्ये छापून आली, आणि दर चित्रास एक रुपया मिळाला. पुढे कलाशाळेतील त्यांच्या मैत्रिणी, बोरीबंदरचा रस्ता, युद्धकाळातील शहराची लगबग, असे विषय त्यांनी हाताळले.

या चित्रांतील तरुणी पारशी आहे की मुसलमान, हिंदू आहे की ख्रिस्ती, हा प्रश्न पाहणाऱ्याच्या मनात आधी उठत नाही. ती चित्र काढीत आहे, हसत आहे, मैत्रिणीशी बोलत आहे, हे आधी दिसते. ती आपल्या जागी आहे. तिच्या पाठीमागचा देखावा तिचाच आहे. होमाई या शहरात पाहुण्या नव्हत्या आणि समोरची मुलगी नमुना नव्हती, एवढाच तो फरक. पण जॉन्सनच्या ग्रंथात जे हरवले होते ते त्या फरकाने परत आले.

तथापि याही कथेस एक खेदजनक बाजू आहे. होमाईंची आरंभीची कित्येक चित्रे ‘इलस्ट्रेटेड वीकली’त छापली गेली ती माणेकशांच्या नावाने, कारण एका अपरिचित तरुण स्त्रीचे नाव त्या काळी चालण्यासारखे नव्हते. पुढे १९४२ साली हे दांपत्य दिल्लीस गेले, स्वातंत्र्याच्या उदयकाळाची चित्रे होमाईंनी घेतली, आणि २०११ साली, मृत्यूच्या आदल्या वर्षी, त्यांस पद्मविभूषण मिळाले. ज्या मुंबईची माणसे त्यांनी आपापल्या जागी पाहिली, त्या मुंबईत त्यांचे स्वतःचे नाव मात्र प्रथम आपल्या जागी नव्हते. समोरच्या माणसास न्याय देणाऱ्या चित्रातही पाहणाऱ्या व्यक्तीवर अन्याय होऊ शकतो, ही गोष्ट जोडीने हिंडणाऱ्यांनी तरी विसरू नये.

आता पुन्हा आजच्या प्रवाशांकडे वळू. परळ-लालबागेत येणाऱ्या पुष्कळांस गिरण्यांच्या उरल्यासुरल्या धुराड्यांचे चित्र घेण्याची हौस असते. १९८२ च्या जानेवारीत सुमारे अडीच लक्ष गिरणीकामगार संपावर गेले. त्या संपातून तो धंदा पुन्हा कधी पूर्वीसारखा सावरला नाही, आणि गिरण्यांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या. लाल विटांचे धुराडे व त्यामागील काचेचा मनोरा, हे चित्र डोळ्यांत भरण्यासारखे असते, यात शंका नाही. परंतु धुराड्याच्या पायथ्याशी जी चाळ अद्याप उभी आहे, तिच्या गॅलरीत बसलेला म्हातारा कोणत्या खात्यात होता, हे त्यास विचारल्याशिवाय ते चित्र म्हणजे जॉन्सनच्या पानासारखेच होय. फक्त येथे देखावा ठेवून माणूस कापलेला असतो.

आमचे सांगणे इतकेच की, दोनच दिवस मिळाले असले तरी त्यांतील एक तास कॅमेरा मिटून ठेवावा. गिरगावात ज्या केशवजी नाईक चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला आणि खोताच्या वाडीतील ज्या लाकडी घरांत ख्रिस्ती कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली, त्यांच्यामधले अंतर पायी चालून पाहावे. छबी घेण्यापूर्वी माणसास विचारावे, त्याचे नाव कळले तर नावही लिहून ठेवावे. आणि घरी परतल्यावर कोणते चित्र दोघांपैकी कोणी घेतले याचीही नोंद ठेवावी. जॉन्सनच्या ग्रंथाच्या नावात रहिवासी व पाहुणे हे दोन शब्द शेजारी-शेजारी आहेत. मुंबईत आलेला कालचा पाहुणा आजचा रहिवासी होतो, हाच या शहराचा इतिहास आहे. तेव्हा पाहुण्यानेही रहिवाशाच्या नजरेने पाहण्याचा यत्न केला, तर मुंबई त्यास परके मानणार नाही.