प्रशिक्षक बदलावा, पण केव्हा?

संघ हरला की दुसऱ्या दिवशी तिठ्यावर एकच निकाल ऐकू येतो, ‘कोच बदला!’ फुटबॉलवेड्या गोंयकारांना हे नवे नाही. २०११ साली भारतीय फुटबॉल संघाचे बॉब हाउटन गेले, डेंपोला राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून देणारे आपले आर्मांद कुलासो आले, काही महिन्यांतच त्यांच्या जागी सावियो मदेरा आले आणि २०१२ मध्ये हॉलंडचे विम कुवरमान्स. दीडएक वर्षात चार नावे! यातून फुटबॉलचे काय भले झाले हा वेगळा विषय. मला आज बोलायचे आहे ते त्यामागच्या प्रश्नाविषयी. राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक बदलावा की नाही, हे ठरवायचे तरी कशावरून?

या प्रश्नाचे उत्तर मला सापडले ते आपण कधीही न खेळलेल्या एका खेळात. बर्फावरची हॉकी, म्हणजेच आइस हॉकी. पायात धारदार पात्यांचे बूट, चेंडूऐवजी रबराची काळी चकती, गोलरक्षकासह सहा खेळाडू आणि वीस-वीस मिनिटांचे तीन डाव. या खेळात सोव्हिएत संघाने तीन-साडेतीन दशके जगावर राज्य केले. त्या काळात प्रशिक्षक कधी बदलले आणि कधी बदलले नाहीत, याचा हिशेब मांडला तर मोठी गंमत दिसते. गंमत म्हणावी की शोकांतिका, हे वाचकांनी ठरवावे.

सुरुवात अनातोली तारासोव यांच्यापासून करावी लागते. सोव्हिएत हॉकीचा पाया ज्यांनी घातला त्यांतले हे सर्वांत मोठे नाव. कॅनडाची नक्कल करायची नाही, अंगावर धडकण्यापेक्षा चकती एकमेकांकडे देत खेळायचे, ही त्यांची शिकवण. १९६३ ते १९७१ अशी सलग नऊ वर्षे तारासोव आणि अर्काडी चेर्निशेव या जोडीने जगज्जेतेपद हातचे जाऊ दिले नाही. १९६४, १९६८ आणि १९७२ या तिन्ही ऑलिंपिकची सुवर्णपदकेही त्यांचीच. माणूस मात्र सरळ रेषेत चालणारा नव्हता. मे १९६९ मध्ये मॉस्कोत स्पार्ताकविरुद्धच्या सामन्यात पंचांनी गोल नाकारला म्हणून त्यांनी आपला लष्करी संघ मैदानाबाहेर नेला. आणि प्रेक्षागृहात बसले होते कोण? खुद्द ब्रेझनेव्ह! तारासोव यांची मानाची पदवी काढून घेतली गेली, पुढे त्याच वर्षी परतही मिळाली. पण अशा गोष्टी वरच्या मंडळींच्या लक्षात राहतात, हे कचेरीत नोकरी केलेल्या कोणालाही समजावून सांगायला नको.

फेब्रुवारी १९७२ मध्ये साप्पोरो ऑलिंपिकचे सुवर्णपदक जिंकून संघ परतला आणि तारासोव-चेर्निशेव जोडी गेली. जिंकून आलेले प्रशिक्षक गेले! त्यांच्या जागी आले व्सेवोलोद बोब्रोव. हेही साधे नाव नव्हे. १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये देशासाठी फुटबॉल आणि १९५६ च्या ऑलिंपिकमध्ये आइस हॉकी खेळलेला हा अचाट खेळाडू. पण दोनच महिन्यांनी प्राग येथे जगज्जेतेपद चेकोस्लोव्हाकियाने हिसकावले. सप्टेंबरमध्ये कॅनडाच्या व्यावसायिक खेळाडूंशी आठ सामन्यांची ऐतिहासिक मालिका झाली. पहिलाच सामना सोव्हिएत संघाने माँट्रियलमध्ये ७-३ असा जिंकून कॅनडाला हादरवले. शेवटी मॉस्कोत आठव्या सामन्याची ३४ सेकंदे उरली असताना पॉल हेंडरसनने गोल केला आणि मालिका कॅनडाने ४-३ अशी नेली, एक सामना बरोबरीत. कॅनडाच्या व्यावसायिकांशी खेळायचे हे तारासोव यांचे कित्येक वर्षांचे स्वप्न. ते प्रत्यक्षात आले तेव्हा संघामागे उभे राहायला ते नव्हते. ते असते तर निकाल बदलला असता असे मी म्हणणार नाही. पण आपणच लावलेल्या झाडाला फळ धरले आणि माळ्यालाच कुंपणाबाहेर ठेवले, असे ते दृश्य होते खरे.

बोब्रोव यांनी १९७३ आणि १९७४ अशी दोन जगज्जेतेपदे जिंकून दिली, तरी तेही गेले. मग बोरिस कुलागिन. त्यांनी १९७५ चे जगज्जेतेपद आणि १९७६ चे ऑलिंपिक सुवर्ण मिळवले. पण त्याच वर्षी कातोवित्से येथे चक्क पोलंडकडून ६-४ असा पराभव होऊन अखेर रौप्यावर समाधान मानावे लागले आणि १९७७ मध्ये व्हिएन्नात संघ तिसरा आला. झाले, कुलागिनही गेले. पाच वर्षांत तीनदा प्रशिक्षक बदलले. यातले दोन बदल तर जिंकत असताना!

आता आले व्हिक्टर तिखोनोव. रिगा येथील दिनामो संघाला नाव मिळवून दिलेला कडक शिस्तीचा माणूस. त्यांच्या हाती एकाच वेळी लष्कराचा क्लब आणि राष्ट्रीय संघ असे दोन्ही दिले गेले. कुठल्याही क्लबातला चांगला मुलगा सक्तीच्या लष्करी सेवेच्या नावाखाली लष्कराच्या संघात ओढता येत असे. त्यामुळे १९७७ ते १९८९ अशी सलग तेरा वर्षे देशातले अजिंक्यपद या एकाच क्लबकडे राहिले. राष्ट्रीय संघ म्हणजे जवळपास हाच क्लब.

आणि मग १९८० चे लेक प्लॅसिड. ऑलिंपिकच्या तोंडावर न्यूयॉर्कमध्ये झालेल्या सराव सामन्यात सोव्हिएत संघाने अमेरिकेच्या कॉलेजकुमारांचा १०-३ असा फडशा पाडला होता. त्याच पोरांनी २२ फेब्रुवारीला त्यांना ४-३ असे हरवले! पहिल्या डावाच्या अगदी शेवटच्या सेकंदाला गोल खाल्ला म्हणून तिखोनोव यांनी जगातला सर्वोत्तम गोलरक्षक व्लादिस्लाव त्रेत्याक याला बाहेर बसवून मिश्किनला उतरवले. ही आपली सर्वांत मोठी चूक, हे पुढे त्यांनी स्वतःच कबूल केले. शीतयुद्धाचे दिवस, अफगाणिस्तानात सैन्य नुकतेच घुसलेले आणि पराभव अमेरिकेकडून अमेरिकेच्याच भूमीवर. प्रशिक्षकाला घरी बसवायला यापेक्षा मोठे कारण ते कोणते?

पण तिखोनोव राहिले! आणि राहिले ते योग्यच झाले, असे माझे मत आहे. कारण संघाची बांधणी चुकलेली नव्हती, चुकला होता तो एका रात्रीचा निर्णय. म्हाताऱ्या होत चाललेल्या खेळाडूंच्या जागी फेतिसोव, कासातोनोव, माकारोव, क्रुतोव ही तरुण मंडळी संघात आलेलीच होती. १९८१ मध्ये लारिओनोव त्यांना मिळाला आणि हॉकीच्या इतिहासात गाजलेले ते पंचक पुरे झाले. त्याच वर्षी माँट्रियलमध्ये कॅनडा चषकाच्या अंतिम सामन्यात त्यांनी यजमानांना ८-१ असे धुतले. १९८४ आणि १९८८ ची ऑलिंपिक सुवर्णपदकेही आली. १९८० च्या रागात तिखोनोव यांना काढले असते, तर हे सारे याच रीतीने घडले असते का? मला शंका आहे.

इथेच गोष्ट संपती तर ‘धीर धरा, प्रशिक्षकाला वेळ द्या’ असे सांगून मलाही मोकळे होता आले असते. पण पदकांच्या तक्त्यात न दिसणारी एक दुसरी बाजू आहे. हे खेळाडू वर्षातले दहा-अकरा महिने मॉस्कोबाहेरच्या सराव-छावणीत कोंडलेले असत. बायका-मुले शहरात, हे छावणीत. १९८४ मध्ये त्रेत्याकने विनंती केली की मला घरी राहून सरावाला येऊ द्या. नकार मिळाला. जगातला तो सर्वोत्तम गोलरक्षक ३२ व्या वर्षी निवृत्त झाला. तक्रार करायची तरी कोणाकडे? क्लबचा प्रमुख तोच, राष्ट्रीय संघाचा प्रमुख तोच आणि अंगावर गणवेश लष्कराचा. ज्याच्याविरुद्ध अर्ज, त्याच्याच टेबलावर अर्ज जाणार! सरकारी नोकराला ही व्यवस्था न सांगता कळते.

शेवटी १९८८ च्या ऑक्टोबरात इगोर लारिओनोवने ‘अगान्योक’ साप्ताहिकात तिखोनोव यांना उद्देशून उघडे पत्र लिहिले. छावणीतले जगणे, माणूस म्हणून मिळणारी वागणूक, सारे त्याने मांडले. कप्तान फेतिसोवने या माणसाच्या हाताखाली खेळणार नाही असे जाहीर केले, तेव्हा त्याला संघाबाहेर ठेवले गेले. मग सहकाऱ्यांनी दूरचित्रवाणीवर सांगितले की फेतिसोव नसेल तर आम्हीही जगज्जेतेपदाला जाणार नाही. सोव्हिएत देशात हे बोलायला काय छाती लागली असेल, याची कल्पना करून पाहा. फेतिसोव परत आला आणि १९८९ चे जगज्जेतेपदही आले. पण त्याच वर्षी हे पंचक एकेक करून उत्तर अमेरिकेत गेले. पुढच्या पिढीचा मोगिल्नी १९८९ मध्ये स्टॉकहोममधून, तर फ्योदोरोव १९९० मध्ये निसटला. तिकडचा पैसा आणि देशाची कोसळती व्यवस्था ही कारणे होतीच. तरी ज्या घरात श्वास घेता येतो, त्या घरातून माणसे अशी रात्रीतून पळत नाहीत.

म्हणजे पाहा, ज्या वर्षी तिखोनोव हरले त्या वर्षी त्यांना ठेवणे बरोबर होते आणि ज्या वर्षी ते सुवर्णपदक घेऊन आले, त्या १९८८ मध्ये त्यांना बदलणे गरजेचे होते. कोणी म्हणेल, १९९२ मध्ये आल्बेरव्हिल येथे नव्या पोरांना घेऊन त्यांनी पुन्हा सुवर्ण जिंकलेच की, अंतिम सामन्यात कॅनडाला ३-१ असे हरवून! खरे आहे. त्यांच्या ज्ञानाविषयी वाद नाहीच. पण दोन वर्षांनी लिलेहामरमध्ये त्यांचा रशियन संघ चौथा आला. विद्या शिल्लक होती, पण तिच्यासाठी सगळे आयुष्य छावणीत घालवायला तयार असलेले शिष्य आता सक्तीने मिळणार नव्हते.

त्यामुळे प्रशिक्षक बदलण्याचा प्रश्न आला की मी गुणफलक बाजूला ठेवतो आणि दोन गोष्टी पाहतो. या माणसाच्या हाताखाली नवी मुले घडताहेत का? आणि त्याच्याविरुद्ध बोलायचे असेल तर खेळाडूला जागा आहे का? पहिल्याचे उत्तर ‘होय’ असेल तर लेक प्लॅसिडसारखा पराभवही पोटात घालावा. दुसऱ्याचे उत्तर ‘नाही’ असेल तर गळ्यातल्या सुवर्णपदकालाही भुलू नये. सोव्हिएत अधिकाऱ्यांनी तारासोव यांना काढताना पहिला प्रश्न विचारला नाही आणि तिखोनोव यांना ठेवताना दुसरा.

तिखोनोव २०१४ मध्ये वारले. ज्याने त्यांच्या हाताखाली खेळायला नकार दिला तो फेतिसोव २००२ मध्ये रशियाच्या क्रीडाखात्याचा प्रमुख झाला. आपल्याकडे कोच बदलण्याची हाकाटी पुन्हा उठेल, आणि ती उठणारच, तेव्हा पराभवाविषयी जरूर बोलावे. पण त्याआधी कोणी तरी खेळाडूंना विचारावे, बाबांनो, तुमचे काय म्हणणे आहे?